टोंगाची बाजू : शेरलॉक होम्स, अंदमान आणि साम्राज्याच्या गोष्टी

रानजाई

शेरलॉक होम्स इथल्या निम्म्या लोकांचा जीव की प्राण आहे, माझाही आहे. तरी 'द साइन ऑफ फोर'मधल्या टोंगाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा. कादंबरी वाचायची राहिली असेल तर आधी वाचून या, पुढे सगळं रहस्य फुटणार आहे.

आर्थर कॉनन डॉईलची १८९० सालची ही कादंबरी. सत्तावनच्या धामधुमीत आग्र्याच्या किल्ल्यात जोनाथन स्मॉल हा लाकडी पायाचा इंग्रज तीन हिंदी साथीदारांबरोबर एका व्यापाऱ्याचा खून पाडतो, खजिना लपवतो आणि चौघेही पकडले जाऊन काळ्या पाण्यावर जातात. अंदमानात मरणपंथाला लागलेला एक तरुण आदिवासी रानातून आणला जातो. स्मॉल त्याची शुश्रूषा करतो. बरा झाल्यावर तो स्मॉलची पाठ सोडत नाही. हा टोंगा. स्मॉल पळून जायचं ठरवतो तेव्हा टोंगा आपली होडी घेऊन येतो आणि येताना आपली सगळी चीजवस्तू बरोबर आणतो, हत्यारं आणि देवसुद्धा. त्याच्याजवळच्या माडाच्या चटईचं स्मॉल शीड करतो. माणूस घरदार मागे टाकून, देव बरोबर घेऊन निघालाय, एका परक्या माणसावर विश्वास टाकून!

पुढे इंग्लंडात स्मॉल त्याला जत्रांमधून 'काळा नरभक्षक' म्हणून दाखवतो. लोकांसमोर कच्चं मांस खायला लावतो, युद्धनृत्य करायला लावतो, आणि त्या पैशांवर दोघांचं पोट चालतं. खजिन्यापायी टोंगाच्या हातून खून होतो, तेव्हा स्मॉल त्याला दोरखंडाने झोडपतो. शेवटी थेम्सवरच्या पाठलागात टोंगा विषारी काट्याची नळी ओठांना लावतो, होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन यांची पिस्तुलं एकदम उडतात आणि तो नदीत पडतो. पुस्तकभर त्याच्या तोंडी एक वाक्य नाही.

मला सर्वांत जास्त खुपतं ते आठवं प्रकरण. होम्स फळीवरून गॅझेटियरचा, म्हणजे प्रदेशांची माहिती देणाऱ्या कोशाचा, एक जाडजूड खंड काढतो आणि अंदमानी लोकांची माहिती वाचून दाखवतो. उंची चार फुटांच्या आत, डोकी बेढब, डोळे लहान आणि क्रूर, दिसायला किळसवाणे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्यांची डोकी फोडणारे, विषारी बाण मारणारे, आणि कत्तलीनंतर माणसं खाणारे. छापील संदर्भग्रंथ, तोही होम्सच्या तोंडून. कोण शंका घेणार? दोन प्रकरणांनंतर टोंगा दिसतो तेव्हा वॉटसनला त्याच्या चेहऱ्यावर पशुत्व आणि क्रौर्य दिसतं. दिसणारच, वाचून आला होता ना तो.

हे वर्णन धादांत खोटं आहे. अंदमानी लोक नरभक्षक नव्हते. त्यांचं हत्यार धनुष्यबाण, फुंकायची नळी नव्हे, आणि बाणाला ते विष लावत नसत. पुरुषांची सरासरी उंची पाच फुटांना थोडी कमी. आणि 'त्या काळी कुणाला माहीत होतं' असं म्हणायची सोय नाही. एडवर्ड होरेस मॅन हा ब्रिटिश अधिकारी अंदमानात अनेक वर्षं राहिला, तिथल्या भाषा शिकला आणि १८८३ साली लंडनच्या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात त्याने सविस्तर लिहिलं. नरभक्षणाचा मागमूसही सापडत नाही, हे त्यात स्वच्छ म्हटलंय. कादंबरी त्यानंतर सात वर्षांनी आली. खरी माहिती लंडनमध्येच छापून पडली होती.

मी शाळेत असताना तो थेम्सवरचा पाठलाग मनाने पोलिसांच्या लाँचमध्ये बसून वाचला होता. टोंगा पडला तेव्हा मला हुश्श वाटलं होतं. त्या हुश्शचं काय करायचं, यावर बोलूया.

जुना_वाचक

धागा चांगला आहे, मॅनचा संदर्भ तर फारच मोलाचा. पण मला तुमचा सूर पटला नाही.

स्मॉल टोंगाबद्दल काय म्हणतो तेही सांगा ना. असा इमानी सोबती कुणाला मिळाला नसेल, असं तो गुन्हा कबूल करताना म्हणतो. आणि त्या गोष्टीत खरे हलकट कोण? मेजर शोल्टो. गोरा अधिकारी, दिलेला शब्द मोडून सगळा खजिना एकटा गिळतो. खजिना म्हणजे हिंदुस्थानातून गेलेली लूट, आणि तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं वाटोळं होतं. हे लिहिणारा माणूस साम्राज्याचा भाट नव्हता.

१८९३ ची 'द यलो फेस' बघा. एक गोरी बाई पहिल्या नवऱ्यापासून झालेली आपली काळी मुलगी दुसऱ्या नवऱ्यापासून लपवते. उलगडा झाल्यावर तो नवरा त्या मुलीला उचलून घेतो, तिचा पापा घेतो. त्या काळात हे छापणं सोपं नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जॉर्ज एदलजी. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती झाले, इंग्लंडला गेले आणि १८७६ पासून स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वर्ली गावाचे पाद्री होते. गावाने या कुटुंबाला निनावी पत्रांनी वर्षानुवर्षं छळलं. जॉर्ज हा त्यांचा मुलगा, बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर. १९०३ मध्ये रात्री शेतात एका तट्टाचं पोट फाडल्याच्या आरोपावरून त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तिथल्या पोलीसप्रमुखाचा या कुटुंबावर आधीपासून दात होता. तीन वर्षांनी जॉर्ज सुटला, पण निर्दोष म्हणून नव्हे. डॉईलने ते प्रकरण हाती घेतलं, जानेवारी १९०७ मध्ये 'डेली टेलिग्राफ'मध्ये लेख लिहून सरकारच्या नाकी नऊ आणले, आणि त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली. इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालय त्याच साली स्थापन झालं, त्यामागे या खटल्याचाही हात होता. १९०९ मध्ये याच डॉईलने बेल्जियमच्या राजाने काँगोत केलेल्या अत्याचारांवर अख्खं पुस्तक लिहिलं.

एवढं करणाऱ्या माणसाला एका टोंगावरून वर्णद्वेष्टा ठरवणार?

रानजाई

@जुना_वाचक, डॉईलला काय ठरवायचं हा माझा प्रश्नच नाही. त्याने एदलजींसाठी जे केलं त्याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे. पण तुम्ही काढलेल्या प्रकरणातच माझं उत्तर आहे.

डॉईलला जॉर्जच्या निर्दोषपणाची खात्री कशी पटली? हॉटेलात भेट ठरली होती, डॉईलला पोचायला उशीर झाला, आणि आत शिरताना त्याने पाहिलं की जॉर्ज वर्तमानपत्र अगदी डोळ्यांशी धरून, तिरकं करून वाचतोय. डॉईल डोळ्यांचं शास्त्र शिकलेला डॉक्टर. इतकी अधू नजर असलेला माणूस काळोख्या रात्री शेतं तुडवत जाऊन हे करेल कसा, हे त्याला तिथेच कळलं. म्हणजे समोर बसलेल्या माणसाकडे त्याने नीट बघितलं. हाच तर होम्सचा गुण.

टोंगाकडे असं कुणी बघितलंच नाही. त्याच्यासाठी गॅझेटियर पुरलं. त्याच पुस्तकातले तिघे हिंदी साथीदार घ्या. महोमेट सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर. स्मॉल यांना शीख म्हणून सांगतो. शीख माणसाचं नाव अब्दुल्ला खान! लंडनमध्ये त्या वेळी पंजाबात नोकरी करून परतलेले शेकडो अधिकारी होते, कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारायची गरज वाटली नाही. आणि स्मॉलला पानंच्या पानं भरून आपली कहाणी सांगायला मिळते. हे तिघे मात्र अंदमानातच खितपत राहतात आणि पुस्तक संपतं.

'यलो फेस' मलाही आवडते. पण १९२६ च्या 'थ्री गेबल्स'मध्ये स्टीव्ह डिक्सी हा काळा मुष्टियोद्धा येतो आणि होम्स त्याच्या अंगाच्या वासावरून त्याचा अपमान करतो. तेहतीस वर्षांनी. त्यामुळे 'काळ तसा होता' हे म्हणणं मला अपुरं वाटतं.

चांदणवेल

अंदमानला आम्ही बऱ्याच मराठी लोकांसारखे सेल्युलर जेल बघायला गेलो होतो. सावरकरांच्या कोठडीपुढे सगळे गप्प उभे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे बाराटांगला चुनखडीच्या गुहा बघायला निघालो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा तांडा करून सोडतात, कारण पुढचा रस्ता जारवा या अंदमानी आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही, सगळं नीट बजावून सांगतात. आमच्या गाडीत अर्धे लोक पूर्ण वेळ काचेला नाक लावून होते. रस्त्याकडेला एक बाई मूल कडेवर घेऊन उभी दिसली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "दिसले, दिसले!" गाडी एका बाजूला कलंडते की काय असं वाटलं. परत येताना ज्यांना कुणी दिसलं नाही ते पैसे वाया गेल्यासारखे चेहरे करून बसले होते.

२०१२ मध्ये याच जारवा बायकांना खाण्याचं आमिष दाखवून नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली होती, आठवत असेल. रानजाईने जत्रेचा प्रसंग लिहिलाय तो वाचून मला तेच आठवलं. नाचायला लावायचं, खायला टाकायचं. १८९० च्या कादंबरीतलं हे आपण आपल्या देशात, आपल्या पैशांनी करतोय.

दर्यावर्दी

चांदणवेल, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो.

थोडी भर घालतो. ब्रिटिशांनी पोर्ट ब्लेअरची कैद्यांची वसाहत १८५८ मध्ये वसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. त्यांना 'अंदमान होम्स' नावाच्या वस्त्यांत आणून ठेवलं गेलं, आणि तिथे रोग पसरले. १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले १९. 'बो' भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती, बोआ सीनियर, २०१० मध्ये गेली. म्हणजे कादंबरी छापली जात होती तेव्हा टोंगाचे लोक पटापट मरत होते, आणि लंडनचा वाचक त्यांना घाबरत होता. कुणी कुणाला घाबरायला हवं होतं?

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला वाद जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'वरचा आहे. कॉनरॅड १८९० साली स्वतः काँगो नदीवर बोटीवर होता. काँगो तेव्हा बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची खासगी मालमत्ता होता. तिथली लूट त्याने डोळ्यांनी पाहिली आणि १८९९ मध्ये त्यावर लिहिलं. साम्राज्याविरुद्धचं पुस्तक म्हणून ते दशकानुदशकं शिकवलं गेलं. मग १९७५ मध्ये नायजेरियाचे चिनुआ अचेबे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात भाषणाला उभे राहिले आणि कॉनरॅड वर्णद्वेष्टा आहे असं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचा मुद्दा असा की एका गोऱ्या माणसाचं मन ढासळतं हे दाखवायला लेखकाने अख्खा आफ्रिका खंड पडद्यासारखा मागे लावलाय. काळी माणसं त्यात हातपाय, डोळे, किंचाळ्या एवढीच. त्यांना बोलायला मिळतं ते दोनच ठिकाणी: एकदा माणूस खायला मागताना, एकदा गोरा साहेब मेल्याची वर्दी देताना.

मला कॉनरॅड मोठा लेखक वाटतो, अचेबेंना दाद दिल्यावरही वाटतो. लिओपोल्डचे अत्याचार तो लपवत नाही. पण अत्याचार झालेल्याला तो नावही देत नाही.

अचेबेंनी याचं उत्तर भाषणाच्या आधीच, १९५८ मध्ये, 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधून दिलं होतं. त्यातलं शेवटचं पान वाचाच. नायक ओकोन्क्वोची सगळी हयात आपण पानोपानी जगलेलो असतो. त्याने गळफास घेतलाय. आणि इंग्रज जिल्हाधिकारी तिथून जाताना विचार करतो की आपण लिहिणार आहोत त्या पुस्तकात या माणसावर एक प्रकरण नाही, पण बऱ्यापैकी एक परिच्छेद होईल. होम्सच्या फळीवरचं गॅझेटियर असंच तयार होत असणार.

मिठाचा_खडा

+१. धागा माझ्या निवडक दहात टाकला.

ग्वाल्हेरकर

आम्ही पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेरचे मराठी, त्यामुळे सत्तावन आमच्या घरात अजून संपलेलं नाही. यात आपल्या जवळचं एक नाव राहिलं, नानासाहेब पेशवे.

कानपूरला सतीचौरा घाटावर आणि बीबीघरात इंग्रज बायकामुलं मारली गेली हे खरं आहे, त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं युरोपातल्या कादंबऱ्यांत नानासाहेब माणूस म्हणून उरलाच नाही, राक्षस झाला. इंग्रज फौजेने बदल्यात गावंच्या गावं जाळली, लोकांना तोफांच्या तोंडी दिलं, त्यांच्यातल्या कुणाचा असा राक्षस झाला नाही.

ज्यूल व्हर्नची गंमत अशी की त्याच्याकडे दोन्ही सापडतं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला आपला लाडका व्हर्न. त्याचा कॅप्टन नेमो 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो. सत्तावनला लढलेला, घरदार गमावलेला, विद्वान, दर्याचा राजा. एकोणिसाव्या शतकात युरोपी लेखकाने हिंदी माणसाला एवढं मोठं केलेलं दुसरं पात्र मला माहीत नाही. आणि त्याच व्हर्नच्या १८८० च्या 'स्टीम हाउस'मध्ये खलनायक कोण? नानासाहेब. 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा'मधली आउदा घ्या. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, तिला बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाच्या चितेवर सती घालायला नेतात! आणि तिला वाचवण्याआधी ती युरोपी बाईसारखी गोरी आहे हे लेखक आवर्जून सांगतो. काळी असती तर कादंबरीचा नायक फॉग याने आपला हत्ती थांबवला असता का, असं मला दर वेळी वाटतं.

व्हर्न फ्रेंच, त्यामुळे इंग्रजांविरुद्ध लढणारा नायक त्याला चालला. फ्रान्सच्या ताब्यात अल्जीरिया होता. तिथला डक्कार त्याने लिहिला नाही.

नदीकाठ

मी इंग्लंडात राहते. मुलाच्या वर्गात वसाहतकाळातली एक साहसकथा मोठ्याने वाचली जात होती. वर्गात सावळा तेवढा एकच. 'नेटिव्ह' आला की मुलं वळून याच्याकडे बघायची. शिक्षिका वाईट नव्हत्या, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. घरी येऊन त्याने मला विचारलं, "आई, आपण त्यांच्यातले ना?" तो हे पुस्तकातल्या नेटिव्हांबद्दल विचारत होता.

रानजाईने पोलिसांच्या लाँचमधून वाचलं, कारण पुण्यामुंबईच्या वर्गात सगळेच तिच्यासारखे दिसत होते. इथे माझ्या मुलाला लाँचमध्ये जागा नव्हती. 'साहित्य म्हणून बघा' असं जे म्हणतात त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा, एवढीच कळकळीची विनंती.

शाळेतल्या_बाई

नदीकाठ, लेकराला जवळ घ्या माझ्यातर्फे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनाबद्दल सांगते. जवळजवळ दर वर्षी कुठल्या तरी वर्गाचा 'आदिवासी नाच' असतो. मुलांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला क्रेपच्या कागदाची पानं, डोक्यात पिसं, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि मधोमध एक मूल खांबाला बांधलेलं. 'झिंगालाला' ओरडत सगळे त्याच्याभोवती फिरतात. प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणतं. एका वर्षी माझ्या वर्गात जव्हारकडून आलेली वारली मुलगी होती. तिलाही रंग लावला गेला. तिच्या गावी सुगीच्या दिवसांत तारपा वाजतो, तारप्यावर कसं नाचतात हे तिला उत्तम येत होतं. तिला कुणी विचारलं नाही.

हा नाच वारल्यांकडून आलेला नाही, गोंडांकडून नाही, कातकऱ्यांकडून नाही. तो याच गोष्टींतून आलाय, चित्रपट आणि चित्रकथांमधून फिरत फिरत. होम्सचं गॅझेटियर आमच्या मंचावर दर वर्षी वाचलं जातं. आता मी माझ्या वर्गापुरता काळा रंग बंद केलाय. पालकांपैकी काहींना राग आला, येऊ दे.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलांसाठीच्या मराठी आवृत्त्यांमधून असे भाग गाळावेत का? मला वाटतं गाळावेत. दहा वर्षांच्या मुलाला अचेबे सांगता येत नाही.

जुना_वाचक

बाई, इथे मी ठाम विरोधात आहे. गाळलं की लेखक धुतल्या तांदळासारखा होतो आणि मुलाला कधीच कळत नाही की त्याचा आवडता होम्स असंही बोलला होता. पुस्तक पूर्ण छापा, पुढे प्रस्तावना द्या, मॅनने काय लिहिलं होतं ते द्या. दहाव्या वर्षी कळणार नसेल तर चौदाव्या वर्षी वाचू द्या.

रानजाई, डॉईलवरचं माझं मत मी बदलत नाही. पण खरी माहिती त्याच शहरात छापलेली होती, हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. 'काळ तसा होता' हे मी यापुढे या पुस्तकाबद्दल म्हणणार नाही.

रानजाई

धन्यवाद, @जुना_वाचक. नदीकाठच्या मुलाने मला पार हलवलंय.

गाळण्याच्या प्रश्नावर मी अजून दोन्हीकडे आहे. ज्यांच्याकडे 'साइन ऑफ फोर'चे मराठी अनुवाद किंवा संक्षिप्त आवृत्त्या असतील त्यांनी आठवं, दहावं आणि बारावं प्रकरण काढून बघाल का? गॅझेटियर, थेम्सवरची गोळी आणि जत्रा, या तिन्हींचं काय केलंय ते इथे लिहा.

चांदणवेल

घरातली मुलांची आवृत्ती आत्ताच काढून बघितली. गॅझेटियर गाळलंय. जत्रा गाळलीय. होडी, चटई, देव, काहीच नाही. एक 'भयंकर बुटका रानटी' अचानक बोटीवर उगवतो, होम्स त्याला गोळी घालतो, आणि पुढच्या परिच्छेदात खजिन्याची पेटी उघडतात.

शाळेतल्या_बाई

अरे देवा. म्हणजे जे ठेवायला हवं होतं तेच गेलं. मग मला पूर्ण पुस्तकच चालेल. प्रस्तावना कोण लिहिणार ते सांगा, मी वर्गात वाचून दाखवते.